ड्रोनची बॅग भरताना आधी बॅटऱ्या मोजा

"ताई, पुण्याच्या लग्नाचं ड्रोनने शूटिंग करायचं काम मिळालंय. ड्रोन विमानात नेऊ देतात ना?" रामबागेतल्या आमच्या गल्लीत हा प्रश्न मला आता वरचेवर येतो. इंदूरची बरीच मराठी मुलंमुली या कामात उतरतायत, याचा मला मनापासून आनंद आहे. ड्रोन नेऊ देतात. खरी अडचण असते ती बॅटऱ्यांची.

माझ्या पहिल्या विमानप्रवासात मी तिन्ही बॅटऱ्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकल्या आणि ती बॅग काउंटरवर देऊन निश्चिंत झाले. थोड्या वेळाने माझ्या नावाची घोषणा झाली. एका खोलीत नेऊन बॅग उघडायला लावली. बॅटऱ्या बाहेर काढल्या, तर त्यांची टोकं उघडी. चिकटपट्टी कुठून आणायची इथपासून सुरुवात! शेवटच्या मिनिटाला विमान मिळालं, पण पुढचे दोन तास माझे हात थरथरत होते. चूक सर्वस्वी माझी होती. नियम आधीपासून होता, मी तो वाचला नव्हता.

सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेत, सोबतच न्याव्या लागतात. कारण समजून घेतलं की नियम जाचक वाटत नाही. टोकांना किल्ली किंवा नाणं लागून शॉर्टसर्किट झालं, की बॅटरी आतून तापत जाते आणि एकदा पेटली की स्वतःच स्वतःला पेटवत राहते. सामानाच्या कप्प्यातली आग विझवण्याची यंत्रणा अशा आगीला खात्रीने आवरू शकत नाही. केबिनमध्ये मात्र धूर दिसतो, कर्मचारी धावून येतात, पाणी ओततात.

आता हिशेब. बॅटरीवर व्होल्ट आणि मिलीअँपिअर-अवर छापलेले असतात. मिलीअँपिअर-अवरला १००० ने भागायचं आणि व्होल्टने गुणायचं, की वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा, मिळते. मॅव्हिक ३ या ड्रोनची बॅटरी ५००० मिलीअँपिअर-अवर आणि १५.४ व्होल्टची, म्हणजे ७७ वॉट-अवर. १०० पर्यंत सहसा अडचण येत नाही. १०० ते १६० मधल्या बॅटरीला विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. १६० च्या वरची प्रवासी सामानात चालतच नाही. सर्वेक्षणाच्या मॅट्रिस ३०० या मोठ्या ड्रोनची एकेक बॅटरी २७४ वॉट-अवरची असते, म्हणून ते काम घेताना बॅटऱ्या रस्त्याने पाठवण्याचा खर्च आधीच धरा. मी एकदा धरला नव्हता आणि मानधनातला मोठा भाग तिथेच गेला.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. आदल्या रात्री बॅटऱ्या अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवते, ड्रोनमधली बॅटरीही काढते, प्रत्येकीच्या टोकांवर पट्टी लावून वेगवेगळ्या पिशवीत घालते. किंचितही फुगलेली बॅटरी घरीच राहते, कितीही गरज असली तरी. रिमोटमध्येही बॅटरी असते, तोही सोबत. पाती काढून ठेवते, गिंबलला, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाला, कव्हर लावते. स्क्रूड्रायव्हर मोठ्या बॅगेत. ड्रोनचा सांगाडा हातात न्यायचा की चेक-इनमध्ये, याबद्दल कंपन्यांचं म्हणणं सारखं नसतं, म्हणून तिकीट काढतानाच विचारून लेखी उत्तर मोबाइलमध्ये ठेवते. हातातल्या बॅगेला बहुधा ७ किलोचीच मुभा असते. पुण्याच्या मावशीसाठी आईने दिलेली शेव आणि जिरावण मसाला म्हणूनच मोठ्या बॅगेत जातात.

तपासणीच्या रांगेत बॅटऱ्यांची पिशवी स्वतःहून बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवा आणि "ड्रोन आहे, सुट्या बॅटऱ्या आहेत" असं आधीच सांगा. जवानांना लपवाछपवीची शंका आली की वेळ जातो. खरेदीचं बिल आणि यूआयएनची, म्हणजे ड्रोनच्या नोंदणी क्रमांकाची, प्रत मी वरच्याच कप्प्यात ठेवते.

कागदपत्रांवरून आठवलं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. मायक्रो ड्रोनने पैसे घेऊन काम करायचं तर रिमोट पायलट प्रमाणपत्र हवंच. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण लागतं. "लग्नात कोण विचारतंय?" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पोचल्यावर उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशाही बघा. त्यात रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, यलोमध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत रेड झोन, ५ ते ८ किलोमीटरमध्ये यलो, आणि ८ ते १२ मध्ये २०० फुटांच्या वर गेलात की पुन्हा यलो. आपला राजवाडासुद्धा इंदूर विमानतळापासून १२ किलोमीटरच्या आतच येतो.

आणि दुबईच्या दादाला "येताना स्वस्तात एक घेऊन ये" असं सांगू नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सवलत आहे ती संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामांना. कस्टममध्ये ड्रोन अडकला, तर पैसेही गेले आणि दादालाही मनस्ताप.

पुण्याच्या कामाला निघालेल्या मुलीच्या बॅटऱ्या परवा आम्ही दोघींनी ओट्यावर मांडून मोजल्या. चार निघाल्या. एक थोडी फुगलेली होती, ती तिने माझ्याकडेच ठेवली.