ब्लॉकचेन ॲपचे कंटेनर क्लाउड सर्व्हरवर कसे लावायचे

लॅपटॉपवर डॉकर कंपोजने (एका फाइलमध्ये लिहून अनेक कंटेनर, म्हणजे आपापल्या डब्यात बंद प्रोग्राम, एकत्र चालवणारं साधन) सगळं मस्त चालतंय, नोड (ब्लॉकचेनच्या नेटवर्कला जोडलेला प्रोग्राम) आहे, बॅकएंड आहे, इंडेक्सर (चेनवरचा डेटा वाचून डेटाबेसात मांडणारा) आहे, डेटाबेस आहे, आणि आता हेच उचलून सर्व्हरवर टाकायचंय, अशी वेळ आली की बरेच जण तीच फाइल जशीच्या तशी कॉपी करतात आणि तिथेच चुकतात. कंटेनर कधीही उडवा, दोन मिनिटांत परत उभा राहतो. डेटा आणि सही करायच्या गुप्त की (किल्ल्या) मात्र एकदा गेल्या की गेल्या. त्यामुळे सर्व्हर लावताना माझं निम्मं डोकं या दोनच प्रश्नांत असतं, डेटा कुठे बसणार आणि बाहेरून कुठलं दार उघडं राहणार.

इथे मी इथेरियमचं उदाहरण धरलंय कारण बहुतेकांचं काम त्यावरच असतं. १५ सप्टेंबर २०२२ च्या मर्ज या मोठ्या बदलानंतर नोड म्हणजे एक नाही, दोन प्रोग्राम लागतात हे आधी लक्षात घ्या. एक व्यवहार चालवणारा एक्झिक्युशन क्लायंट म्हणजे गेथ, नेदरमाइंड, बेसू यांपैकी काहीतरी, आणि दुसरा कुठला ब्लॉक खरा ते ठरवणारा कन्सेन्सस क्लायंट म्हणजे लाइटहाउस, प्रिझम, टेकू वगैरे. नुसता गेथ चालू करून "ब्लॉक का येत नाहीत" म्हणून तासन्‌तास बसलेले लोक मी पाहिलेत. दोघं एकमेकांशी ८५५१ पोर्टवर बोलतात आणि ओळख पटवायला ३२ बाइटची एक गुप्त किल्ली वापरतात, ती फाइल दोन्ही कंटेनरना दिसली पाहिजे.

सर्व्हर निवडताना सीपीयूपेक्षा डिस्ककडे बघा. मेननेटचा (खऱ्या पैशांच्या मुख्य नेटवर्कचा) फुल नोड ठेवायचा तर १६ जीबी रॅम आणि २ टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी डिस्क) हे धरून चला, आणि डिस्क नेटवर्कवरून जोडलेली स्वस्तातली असेल तर आयओपीएस (सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येतं) कमी पडतात आणि सिंक (चेन उतरवून घेणं) कधी संपतच नाही, टक्केवारी पुढे जाते पण चेन त्याहून वेगाने पुढे पळत असते. नुसतं शिकायचंय किंवा कंपनीपुरती प्रायव्हेट चेन आहे तर ४ जीबी रॅमचा सर्व्हर पुष्कळ झाला. आणि खरं सांगायचं तर ॲप नवीन असेल तर आधी सेपोलिया टेस्टनेटवर (खोट्या पैशांच्या सरावाच्या नेटवर्कवर) सगळी मांडणी करून बघा, मेननेटची घाई नको.

उबुंटूची एलटीएस आवृत्ती घ्या, २४.०४ चालेल. लॉगिन झाल्या झाल्या वेगळा युजर बनवा, एसएसएच की (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची किल्ली) टाका, दुसऱ्या टर्मिनलमधून त्या कीने आत येता येतंय याची खात्री करा आणि मगच पासवर्ड लॉगिन आणि रूट (सगळे अधिकार असलेला युजर) लॉगिन बंद करा, हा क्रम उलटा केला तर स्वतःच बाहेर अडकाल. डॉकर त्यांच्या अधिकृत रिपॉझिटरीतून टाका, कंपोज प्लगिन त्याच्यासोबत येतं. एक गोष्ट लोक विसरतात, ज्या युजरला तुम्ही डॉकर ग्रुपमध्ये टाकता त्याला रूटच दिल्यासारखं आहे, म्हणून त्या ग्रुपमध्ये सरसकट कुणालाही टाकू नका.

चेनचा डेटा वेगळ्या डिस्कवर ठेवा. डिस्क फॉरमॅट करून माउंट करा आणि एफएसटॅबमध्ये (चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ती फाइल) यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने, नोंद करा, नावाने नको, कारण रीबूटनंतर नाव बदलू शकतं. आता इथे एक बारीक खड्डा आहे. नोंदीत नोफेल (डिस्क नसली तरी पुढे चल) लिहिलंय आणि एखाद्या दिवशी डिस्क माउंटच झाली नाही, तर सर्व्हर मुकाट्याने चालू होतो, डॉकरला तिथे रिकामा फोल्डर दिसतो आणि नोड शून्यापासून सिंक करायला घेतो तोही छोट्या रूट डिस्कवर, मग ती भरते आणि सगळंच बसतं. उपाय सोपा आहे, माउंटच्या आत अजून एक फोल्डर करा, डेटा त्यात ठेवा, आणि कंपोजमध्ये बाइंड माउंट (सर्व्हरचा फोल्डर कंटेनरला जोडणं) लांब पद्धतीने लिहून "क्रिएट होस्ट पाथ" फॉल्स करा. डिस्क नसेल तर फोल्डर सापडणार नाही आणि कंटेनर चालूच होणार नाही. आणि तेच हवंय आपल्याला.

आता पोर्टचं बघू, इथे जरा थांबून वाचा. मी एकदा यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूचा फायरवॉल) एसएसएच आणि वेब सोडून सगळं बंद केलं होतं, स्टेटसमध्ये पण सगळं बंद दिसत होतं, आणि तरी दोन दिवसांनी गेथच्या लॉगमध्ये भलत्याच विनंत्या दिसायला लागल्या. कारण डॉकर पोर्ट पब्लिश करताना, म्हणजे बाहेर उघडताना, आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत) स्वतःचे नियम थेट लिहितो आणि यूएफडब्ल्यूला बगल देतो. म्हणजे कंपोजमध्ये गेथच्या आरपीसीसाठी (नोडला विनंत्या पाठवायचं दार) ८५४५ ला ८५४५ असं लिहिलं की ते अख्ख्या इंटरनेटला उघडं, तुमचा फायरवॉल काहीही म्हणो. नोडमध्ये अनलॉक केलेलं खातं असतं तर पैसे गेलेच असते, उघडे ८५४५ शोधत फिरणारे बॉट कायम चालू असतात.

म्हणून आरपीसीचं पोर्ट पब्लिशच करू नका. एकाच कंपोज नेटवर्कमधले कंटेनर एकमेकांना सर्व्हिसच्या नावाने गाठतात, त्यांना पब्लिशची गरजच नसते. तुम्हाला स्वतःला तपासायला हवं असेल तर पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लावा आणि एसएसएच टनेलमधून बघा. पोस्टग्रेस डेटाबेसच्या ५४३२ चंही तेच. बाहेर उघडं काय ठेवायचं, तर पीअर (नेटवर्कमधले इतर नोड) शोधायला गेथचं ३०३०३ आणि लाइटहाउसचं ९०००, दोन्ही टीसीपी आणि यूडीपी, लाइटहाउस क्विक प्रोटोकॉलसाठी ९००१ यूडीपी पण घेतं, आणि वेबसाठी ८० व ४४३. क्लाउडवाल्याच्या पॅनेलमधला फायरवॉल सर्व्हरच्या बाहेर असतो, डॉकर त्याला हात लावू शकत नाही, म्हणून हेच नियम तिथेही लिहा.

आता एक गोंधळ सगळ्यांचा होतो. गेथ मुळात लोकलहोस्टवरच ऐकतो, आणि कंटेनरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, म्हणून बॅकएंडला नोड सापडत नाही. तेव्हा गेथचा एचटीटीपी पत्ता ०.०.०.० द्यावा लागतो, आणि हे ठीक आहे, बाहेर जाणं न जाणं पब्लिशवर ठरतं. तेवढ्यावर "इनव्हॅलिड होस्ट" अशी एरर आली तर व्हीहोस्ट्सच्या (कुठल्या नावाने आलेली विनंती चालेल त्या) यादीत तुमच्या सर्व्हिसचं नाव टाका. ८५५१ साठी पत्ता आणि व्हीहोस्ट्स वेगळे असतात, तिथेही हेच करायचं. एपीआयमध्ये इथ, नेट, वेबथ्री एवढंच चालू ठेवा, ॲडमिन आणि डीबग नको.

कंपोज फाइलमध्ये अजून काही ओळी आहेत ज्या लॅपटॉपवर कुणी लिहीत नाही. लेटेस्ट टॅग वापरू नका, नेमकी आवृत्ती लिहा, नाहीतर एखाद्या पुलनंतर (नवी आवृत्ती उतरवल्यावर) क्लायंट आपोआप बदलतो. अर्थात हार्ड फोर्कच्या (नेटवर्कचे नियमच बदलणाऱ्या अपग्रेडच्या) आधी अपडेट करावंच लागतं, तेवढी तारीख डोक्यात ठेवा. रीस्टार्टला "अनलेस स्टॉप्ड" लिहा. आणि थांबवताना डॉकर फक्त १० सेकंद थांबतो, मग प्रोसेस मारून टाकतो, पण गेथला मेमरीतली स्टेट डिस्कवर लिहायला त्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो, म्हणून स्टॉप ग्रेस पीरियड ५ मिनिटं द्या, नाहीतर पुढच्या वेळी चालू होताना मागच्या ब्लॉकपासून परत रडत बसतो.

लॉगचं पण आत्ताच करून टाका. डॉकरचे लॉग मुळात कापले जात नाहीत, वाढतच राहतात, डिमनच्या (मागे चालणाऱ्या डॉकर सेवेच्या) जेसन फाइलमध्ये मॅक्स साइझ आणि मॅक्स फाइल ठरवा. हा बदल नव्याने बनलेल्या कंटेनरनाच लागू होतो, जुने परत बनवावे लागतात.

कीबद्दल मी थोडा कडक आहे. ट्रान्झॅक्शन सही करायची प्रायव्हेट की इमेजमध्ये (कंटेनर ज्यातून बनतो त्या साच्यात) कधीच नको, नंतर डिलीट केली तरी जुन्या लेयरमध्ये ती राहते. गुप्त सेटिंग्जची डॉट एनव्ही फाइल गिटमध्ये नको. निदान कंपोजच्या सीक्रेट्समधून फाइल म्हणून द्या, आणि खात्यात खरी रक्कम असेल तर वेबथ्रीसायनर (फक्त सही करणारा वेगळा प्रोग्राम) किंवा क्लाउडची केएमएस (की सांभाळणारी सेवा) वापरून सही वेगळ्याच जागी करा. आणि व्हॅलिडेटर (तारण ठेवून ब्लॉकवर मत देणारा) चालवत असाल तर एकच की दोन सर्व्हरवर चुकूनही नको, बॅकअप म्हणून सुद्धा नको, स्लॅशिंग होतं, म्हणजे तारणातले पैसे दंड म्हणून कापले जातात.

बॅकअप कशाचा? चेन डेटाचा नको, तो परत सिंक होतो. डेटाबेस, की आणि कॉन्फिग यांचा घ्या आणि तो याच सर्व्हरवर ठेवू नका.

पहिल्यांदा चालू करताना कन्सेन्सस क्लायंटला चेकपॉइंट सिंकचा (सुरुवातीऐवजी अलीकडच्या टप्प्यापासून सिंक) पत्ता द्या, त्याची बाजू काही मिनिटांत लागते, एक्झिक्युशनला मात्र वेळ लागतोच. सर्व्हरचं घड्याळ क्रोनी या प्रोग्रामने बरोबर ठेवा, स्लॉट (एका ब्लॉकची ठरलेली वेळ) १२ सेकंदांचा असतो, घड्याळ चुकलं की पीअर सुटतात. इंडेक्सर लगेच सोडू नका. कंटेनर "अप" दिसतो म्हणजे नोड सिंक झाला असं नाही, नोडला इथ सिंकिंग (अजून सिंक चालू आहे का) विचारल्यावर फॉल्स आलं पाहिजे, ते हेल्थचेकमध्ये घाला आणि इंडेक्सर त्याच्यावर अवलंबून ठेवा. फक्त नवाकोरा नोड पीअर मिळायच्या आधी पण फॉल्स सांगतो, म्हणून ब्लॉक नंबर शून्य नाही हेही बघा. पैशाच्या नोंदी करत असाल तर फायनलाइज्ड (पक्का झालेला) ब्लॉकच धरा, साधारण १३ ते १९ मिनिटं मागे असतो पण उलटत नाही.

पुढे रिव्हर्स प्रॉक्सीला (वेबवरच्या विनंत्या घेऊन ॲपकडे पाठवणारा) कॅडी लावा, डोमेन सर्व्हरकडे वळवलं की एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट तो स्वतःच आणतो.

सगळं लागलं की दुसऱ्या नेटवर्कवरून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून चालेल, एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या प्रोग्रामने सर्व्हरचे पोर्ट बघा. ८५४५, ८५५१, ५४३२ यांपैकी एकही उघडं दिसलं तर परत वर जा. आणि मग सर्व्हर सरळ रीबूट करा, कशाला हात न लावता बसा आणि बघा डिस्क माउंट झाली का, कंटेनर आपोआप उठले का, पीअर जोडले का. ब्लॉक नंबर परत सरकायला लागला की मगच ॲपची लिंक लोकांना द्या.