एमआरआय मशीन: चुंबक, ग्रेडियंट आणि आरएफच्या बाबतीत या चुका टाळा

एमआरआय विभागातून सर्व्हिस इंजिनिअरला फोन जातो तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "मशीन चालत नाहीये." यातून त्याला काहीच कळत नाही. त्या पांढऱ्या आवरणाच्या आत तीन यंत्रं एकत्र बसवलेली असतात. पहिलं म्हणजे कायम चालू असणारं चुंबक, दुसरं म्हणजे क्षणाक्षणाला दिशा बदलणाऱ्या ग्रेडियंट कॉइल्स आणि तिसरं म्हणजे रेडिओलहरी पाठवणारी व परत ऐकणारी आरएफ यंत्रणा. तिघांचं काम वेगळं, धोका वेगळा आणि बिघाडाची खूणही वेगळी. ज्या चुका पुन्हापुन्हा होतात त्यांतल्या बहुतेक या तिघांची गल्लत केल्याने होतात. नवे टेक्निशियन, रेसिडेंट डॉक्टर आणि तालुक्याच्या गावी सेंटर चालवणारे यांनी निदान एवढं तरी पक्कं करावं, म्हणून हे लिहितो आहे.

स्कॅन संपला म्हणजे चुंबक बंद झालं, हा समज

सगळ्यात जीवघेणी चूक हीच. सुपरकंडक्टिंग चुंबकाची तार निओबियम-टायटॅनियमची असते आणि ती द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांना बुडवलेली असते. त्या तापमानाला तारेचा रोध शून्य होतो. एकदा भरलेला प्रवाह मग बाहेरून वीज न घेता वर्षानुवर्षं फिरत राहतो. कन्सोल बंद, दिवे बंद, रविवारची सुट्टी, गावाची वीज गेलेली, चुंबक चालूच.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णाचा एक नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, सिलिंडरसकट ओढला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याआधी २०१४ मध्ये नवी मुंबईत दोन कर्मचारी सिलिंडर आणि मशीन यांच्यामध्ये कित्येक तास अडकून पडले होते. दोन्ही वेळी खोलीत गेलेली वस्तू एकच होती, लोखंडी सिलिंडर.

इथे भौतिकशास्त्राचा एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण अनुभवी माणसंही तिथे फसतात. लोखंडी वस्तूला ओढणारा जोर नुसत्या क्षेत्राच्या ताकदीवर ठरत नाही, क्षेत्र किती झपाट्याने बदलतं त्यावरही ठरतो. म्हणून सर्वांत जास्त ओढ बोअरच्या (रुग्णाला आत सरकवतात त्या बोगद्याच्या) मध्यभागी नसते, तोंडाशी असते. आजची चुंबकं अ‍ॅक्टिव्ह शील्डिंगची असतात. बाहेर पसरणारं क्षेत्र त्यांत मुद्दाम आवळून ठेवलेलं असतं. १.५ टेस्लाच्या अशा मशीनमध्ये ५ गॉसची रेषा (जिथे क्षेत्र ५ गॉसवर उतरतं; १ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस) अक्षाच्या दिशेने केंद्रापासून साधारण ४ मीटरवर येते. म्हणजे ४ मीटरच्या आत क्षेत्र तीन हजार पटींनी वाढतं आणि त्यातली बरीचशी वाढ शेवटच्या मीटर-दीड मीटरात होते. दारात हाताला काहीच जाणवत नाही, पुढे दोन पावलं टाकली की वस्तू हातातून गेलेली असते. "ओढ लागली तर मागे सरकू" या भरवशावर कुणीही आत जाऊ नये.

वॉर्डातल्या मावशी, मामा, एसी दुरुस्त करणारा, फरशी पुसणारा, रात्रपाळीचा वॉचमन या सगळ्यांना हे तोंडी आणि पुन्हापुन्हा सांगा. रुग्णाला खोलीबाहेरच अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरवर घ्या. सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा आणि त्याचा रेग्युलेटर लोखंडी, असंही होतं, त्यामुळे तोही तपासा. पाय दाबून ठेवायच्या काही वजनदार पिशव्यांमध्ये वाळूऐवजी लोखंडी छर्रे भरलेले असतात. शंका आली की दाराबाहेर ठेवलेलं हातातलं लोहचुंबक लावून बघा. पाच सेकंदांचं काम आहे.

लाल बटणांचा गोंधळ

भिंतीवर आणि कन्सोलवर एकापेक्षा जास्त लाल बटणं असतात. एक टेबल थांबवतं. एक मशीनचा वीजपुरवठा तोडतं. त्याने ग्रेडियंट, आरएफ, कॉम्प्युटर सगळं बंद पडतं, पण चुंबकाला काहीही होत नाही. तिसरं क्वेंचचं. ते दाबल्यावर हेलियम उकळून बाहेर पडतं, तारेचा रोध परत येतो आणि क्षेत्र ओसरतं. तेही लगेच नाही, त्याला मिनिटभर किंवा जास्तही लागू शकतं. माणूस अडकला असेल तर वीज तोडणारं बटण दाबून काही उपयोग नाही.

उलट चूकही होते. रुग्णाचं हृदय बंद पडलं म्हणून क्वेंच दाबायचं नसतं. टेबल बाहेर काढा, छातीवर दाब देत रुग्णाला खोलीबाहेर न्या आणि पुढचं सगळं बाहेर करा. खुर्ची किंवा बादली चिकटली, कुणालाही इजा नाही, तर क्वेंच नको, इंजिनिअरला बोलवा.

एक लिटर द्रव हेलियमचा साधारण ७०० लिटरहून जास्त वायू होतो. जुन्या पद्धतीच्या चुंबकात दीड हजार लिटर हेलियम धरलं तरी दहा लाख लिटरहून जास्त वायू एका पाइपातून गच्चीवर गेला पाहिजे. त्या पाइपाच्या तोंडाशी कबुतरांनी घरटं केलं असेल, पावसाचं पाणी साचलं असेल किंवा वर कुणी पत्र्याची शेड उभारली असेल, तर तो वायू खोलीत येतो आणि तिथला ऑक्सिजन हटवतो. पावसाळ्याआधी आणि नंतर गच्चीवर जाऊन ते तोंड डोळ्यांनी बघा. खोलीत पांढरे ढग दिसू लागले तर वाकून, जमिनीलगत बाहेर पडा. हेलियम हलका असल्याने आधी वर साठतो.

विजेचं बिल वाचवायला चिलर बंद ठेवणं

हेलियम आपोआप थंड राहत नाही. कोल्ड हेड त्याला सतत थंड ठेवतो, कोल्ड हेडला हेलियम कॉम्प्रेसर चालवतो आणि कॉम्प्रेसरला चिलरचं पाणी गार ठेवतं. साखळीतली एक कडी तुटली की हेलियम उडायला लागतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात बाहेर ४४ अंश असतात तेव्हा चिलरवर सर्वांत जास्त ताण असतो आणि वीजही नेमकी तेव्हाच जाते.

यातला खरा घात वीज परत आल्यावर होतो. दिवे लागतात, कन्सोल सुरू होतो, स्कॅनही होतो, म्हणून सगळे निश्चिंत होतात. पण कॉम्प्रेसर ट्रिप होऊन तसाच पडलेला असतो. चुंबकाला हेलियम आहे तोवर प्रतिमा छान येत राहतात. म्हणून वीज आली की आधी स्कॅनरूममध्ये जाऊन दोन मिनिटं कान द्या. कोल्ड हेडचा साधारण दर सेकंदाला येणारा 'चुक-चुक' आवाज ऐकू यायला हवा. तो नसेल तर इतर सगळं ठीक दिसलं तरी मशीन ठीक नाही. हेलियमची पातळी आणि दाब रोज वहीत लिहा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महिनाभराचा कल जास्त सांगतो.

जेमतेम ७ लिटर हेलियम असलेली पूर्ण सीलबंद मशीनंही आता आली आहेत. त्यांना क्वेंच पाइप लागत नाही, ही मोठी सोय आहे. पण राखीव थंडावाही तितकाच कमी, म्हणून कूलिंगला जनरेटरचा आधार तिथेही हवाच.

प्रतिमेवर तिरके पट्टे दिसले की लगेच कॉइल बदलणं

१९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी एकसारख्या चुंबकीय क्षेत्रात मुद्दाम थोडा उतार आणून प्रतिमा मिळवता येते हे दाखवलं. त्यासाठी २००३ मध्ये त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळालं. हा उतार किती छोटा असतो बघा. ४० मिलिटेस्ला प्रतिमीटर एवढ्या ग्रेडियंटने केंद्रापासून २० सेंटिमीटरवर फक्त ८ मिलिटेस्लाचा फरक पडतो. पण तो फरक एक मिलिसेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात आणायचा असतो आणि त्यासाठी शेकडो अँपिअर प्रवाह मागेपुढे फिरवावा लागतो. १.५ टेस्लाच्या क्षेत्रात इतका प्रवाह फिरला की कॉइलवर प्रचंड जोर येतो, ती थरथरते. मशीनचा तो ठकठक आवाज या थरथरीचाच.

अशी थरथर वर्षानुवर्षं चालली की स्क्रू ढिले होतात, जोडण्या सैल पडतात आणि धातूवर धातू घासून बारीक ठिणगी पडते. ती ठिणगी कच्च्या डेटात एखाद्या बिंदूवर भलताच मोठा आकडा टाकून जाते. कच्च्या डेटातला प्रत्येक बिंदू अख्ख्या प्रतिमेवरचा एक पट्टेदार नमुना असतो, त्यामुळे एक बिंदू बिघडला की पूर्ण प्रतिमेवर कापडाच्या विणीसारखे पट्टे उमटतात.

इथे घाईने रुग्णावर लावायची, सिग्नल ऐकणारी कॉइल दोषी ठरवू नका. पट्ट्यांची दिशा आणि जाडी दर स्लाइसला बदलते का, ते आधी पाहा; बदलत असेल तर ठिणगीचा संशय बळावतो. डिफ्युजनसारख्या, ग्रेडियंटवर जोर टाकणाऱ्या सिक्वेन्समध्येच (स्कॅनच्या प्रकारातच) पट्टे येतात का? मग सगळ्या कॉइल्स काढून, आत फँटम (रुग्णाऐवजी ठेवायची चाचणीची वस्तू) ठेवून बॉडी कॉइलवर, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या कॉइलवर, तोच सिक्वेन्स चालवा. तरीही पट्टे आले तर रुग्णावर लावायची कॉइल निर्दोष आहे. टॉर्च घेऊन बोअरमध्ये बघा. टेबलाच्या खाचेत अडकलेलं नाणं किंवा हेअरपिन इथे पुष्कळदा सापडते. सिंथेटिक ब्लँकेट काढून सुती चादर घाला. खोलीतली आर्द्रता बघा. ती फार उतरली की स्थिर विजेच्या ठिणग्या वाढतात आणि कोरड्या उन्हाळ्यात हे हमखास होतं. एवढं करूनही पट्टे राहिले तर ग्रेडियंटच्या जोडण्या कसायला इंजिनिअरच हवा. तिथला व्होल्टेज जीव घेऊ शकतो, आवरण स्वतः उघडू नका.

सरळ रेघ दिसली की सॉफ्टवेअरला दोष देणं

तुटक ठिपक्यांची एकच सरळ रेघ, फेज एन्कोडिंगच्या (प्रतिमेच्या दोन अक्षांपैकी एका) दिशेने आरपार गेलेली, ही गोष्ट वेगळी. बाहेरची रेडिओलहर आत शिरल्याची ती खूण. १.५ टेस्लाला मशीन साधारण ६४ मेगाहर्ट्झवर ऐकत असतं. सबंध खोली त्यासाठी तांब्याने मढवलेली असते आणि दाराच्या कडेला तांब्याच्या लवचिक पट्ट्यांची रांग असते. त्यांतली एक वाकली, तिच्यावर चिकटपट्टीचा डिंक बसला किंवा दार बोटभर उघडं राहिलं की रेघ येते. पट्ट्या स्पिरिटने पुसा, दार नीट ओढून लावा आणि पुन्हा स्कॅन करा. भूल देताना कुणी मॉनिटरची वायर भिंतीतल्या नळीतून आत घेतली आहे का, तेही बघा. ती वायरच अँटेना होते.

फॅट सॅट बिघडलं की पुन्हापुन्हा तोच स्कॅन

फॅट सॅट म्हणजे प्रतिमेतला चरबीचा सिग्नल दाबून टाकणं. चरबी आणि पाणी यांच्या फ्रिक्वेन्सीत फक्त ३.५ पीपीएम (दहा लाखांत ३.५ भाग) फरक आहे, १.५ टेस्लाला सुमारे २२० हर्ट्झ. क्षेत्र तेवढंही बिघडलं तर मशीन चरबीऐवजी पाणीच दाबून टाकतं. खांदा, मान, घोटा इथे हे नेहमीचं. भाग शक्य तितका मध्यभागी आणा आणि शिमची (क्षेत्र एकसारखं करण्याची) चौकट हवेवर नको, अवयवावर ठेवा. धातूचं इम्प्लांट जवळ असेल तर स्टर (STIR, चरबी दाबण्याची दुसरी पद्धत) वापरा. मात्र कॉन्ट्रास्ट दिल्यावर स्टर नको. ज्या भागाने कॉन्ट्रास्ट घेतला त्याचाच सिग्नल त्यात दबू शकतो. रोजच्या फँटममध्ये सेंटर फ्रिक्वेन्सी (मशीन ज्यावर ऐकतं ती मधली फ्रिक्वेन्सी) अचानक सरकलेली दिसली तर आधी बोअर शोधा, आत लोखंड आहे.

आरएफचा धोका 'ओढ नाही म्हणजे चालेल' म्हणून सोडून देणं

सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही, म्हणून जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र तसंच ठेवतात. पण आरएफला चुंबकीय धातूच लागतो असं नाही, वीज वाहून नेणारी कोणतीही वस्तू तापू शकते. जरीच्या काठाची साडी, धातूचे धागे असलेला खेळाचा टी-शर्ट, ईसीजीच्या वायरचा वळसा, सगळं यात आलं. निऱ्यांमधली सेफ्टी पिन तर ओढलीही जाते. सरसकट गाऊन द्या. मांड्यांमध्ये आणि हात-कमरेमध्ये पॅड ठेवा, हात एकमेकांत गुंफू देऊ नका, अंग बोअरला टेकू देऊ नका, कॉइलची केबल सरळ ठेवा. आणि वजन खरं टाका. सवयीने सगळ्यांना ७० किलो लिहिलं तर नॉर्मल मोडची, शरीरात शोषल्या जाणाऱ्या आरएफ शक्तीची २ वॅट प्रतिकिलोची मर्यादा मशीन चुकीच्या वजनावर मोजतं. ४० किलोच्या आजींना त्यातून जास्त उष्णता सोसावी लागते.

इअरप्लगही नीट बसवा. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढा, आत घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला प्लग दोन मिनिटांत निसटतो.

इंजिनिअरला फोन करण्याआधी

कोल्ड हेडचा आवाज, हेलियमची पातळी आणि दाब, चिलरच्या पाण्याचं तापमान, खोलीची आर्द्रता, फँटमची सेंटर फ्रिक्वेन्सी आणि एरर कोड समोर ठेवा. कोणत्या कॉइलवर, कोणत्या सिक्वेन्सला आणि वीज गेल्यानंतर किती वेळाने बिघाड दिसला ते सांगा. खराब प्रतिमा आणि तिचा कच्चा डेटा दोन्ही सेव्ह करून ठेवा. पुष्कळ मशीनवर कच्चा डेटा काही स्कॅननंतर आपोआप पुसला जातो.