बोरिवलीच्या जंगलात पक्षी-प्राणी कसे बघावेत

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दिवसभर पायपीट करून ‘काहीच दिसलं नाही’ म्हणणारे बहुधा कान्हेरीच्या डांबरी रस्त्याने गप्पा मारत गेलेले असतात. इथे कमी चालावं आणि जास्त बसावं.

१. जानेवारी-फेब्रुवारी गाठा. झाडं विरळ झालेली असतात, सावर लाल फुलांनी लगडलेली असते. सोमवारी उद्यान बंद असतं आणि रविवारी जत्रा. मधल्या वारी फाटक उघडतानाच हजर राहा. आडवाटांना, उदाहरणार्थ शिलोंढ्याला, जायचं तर आधी परवानगी काढा.

२. दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगांची) पुरे. ती घरीच जुळवा. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने लांबची पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावं झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याकडची कडी फिरवा. हे टाळलंत तर तासाभरात डोकं धरतं. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांशी आणा. दुर्बिणीतून फांद्या धुंडाळत बसलात तर तो केव्हाच उडालेला असतो.

३. फुललेली सावर शोधा आणि सूर्य पाठीशी घेऊन वीसेक पावलांवर बसा, नाहीतर प्रत्येक पक्षी काळाच दिसेल. पाऊण तास हलू नका. मधासाठी शिंजीर, हरेवा, मैना, कोतवाल येतात, खारीही येतात. कोतवाल मधाइतकाच फुलांवरच्या किड्यांवर टपलेला असतो. एकच फांदी धरून तो पुन्हा पुन्हा झेपावतो. फुलं संपली की फळांनी लगडलेला उंबर बघा, तिथे तांबट पक्षी हमखास.

४. कान उघडे ठेवा. वानरं एकाच दिशेला बघत खोकल्यासारखी ओरडू लागली, त्यात चितळांनी साथ दिली, तर बिबट्या जवळपास असू शकतो. त्या दिशेने अजिबात जाऊ नका. समोर आलाच तर पळू नका, खाली वाकू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका आणि मुलांना उचलून घ्या.

५. खाऊ पिशवीत हातात धरू नका, माकडं ती हिसकावतात. डबा सॅकच्या तळाशी ठेवा.

पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी येतो. तो दिसण्याआधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, मग पालापाचोळ्यात जमिनीलगत बघा. पावसाळ्यानंतर मात्र गवतात गोचीड असतात. पँट मोज्यांत खोचा आणि घरी गेल्यावर गुडघ्यांमागे, कमरेशी तपासा.