रीड-अ‍ॅक्रॉसची फाईल उघडण्याआधी

सोमवारी रबाळ्याच्या लॅबमध्ये बसशील, त्याआधी एवढं हाताशी असू दे. रीड-अ‍ॅक्रॉस म्हणजे ज्या पदार्थाच्या विषारीपणाची चाचणी झालेली नाही, त्यासाठी रचनेने जवळच्या, चाचणी झालेल्या पदार्थाचा आकडा उसना घेणं. पहिलं म्हणजे पदार्थाची ओळख पक्की कर: कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक), रचना, शुद्धता, आणि उरलेल्या टक्क्यात काय काय भरलंय ते. पुरवठादाराच्या कागदावरच्या व्यापारी नावावर जाऊ नकोस. एकाच नावाखाली दोन वेगळे क्षार आलेले मी पाहिलेत. मग हा पदार्थ माणसाच्या ताटात जाणार की जनावराच्या गव्हाणीत, ते लिही. जनावराच्या असेल तर कुठल्या, तेही. मांजराच्या यकृतात ग्लुकुरोनिडेशन, म्हणजे रसायनाला साखरेचा रेणू जोडून ते बाहेर टाकण्याची क्रिया, फार तोकडं असतं, म्हणून कुत्र्यावरचा अभ्यास मांजराला जसाच्या तसा लावता येत नाही. दुभत्या गाईचं खाद्य असेल तर दूधही मोजायचं. पेंडीतल्या अफ्लाटॉक्सिन बी१चं (बुरशीचं विष) गाईच्या यकृतात एम१ होतं आणि ते दुधात उतरतं.

आता भाऊबंद, म्हणजे रचनेने जवळचे पदार्थ, शोधायचे. त्यासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचं क्यूएसएआर टूलबॉक्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण अवजड आहे, रविवारीच उतरवून ठेव. त्यात सारखेपणाचा टक्का दिसला की लगेच हुरळू नकोस, सगळे इथेच फसतात. हेक्झेन आणि हेप्टेन घे. फरक एका कार्बनचा. सोयाबीनचं तेल हेक्झेनने काढतात, त्यामुळे पेंडीत त्याचा अंश राहू शकतो, म्हणजे हे आपल्याच कामातलं उदाहरण. शरीर हेक्झेनचं २,५-हेक्झेनडायोन करतं. त्याचे दोन कार्बोनिल गट नेमके अशा अंतरावर असतात की ते नसांमधल्या प्रथिनांच्या लायसिनला (एक अमिनो आम्ल) धरून पायरोलचं कडं तयार करतात, आणि हातापायांच्या नसा निकामी होऊ लागतात. हेप्टेनपासून असं डायकीटोन (असे दोन गट असलेला पदार्थ) अगदी नगण्य बनतं. कागदावर सख्खे भाऊ, पोटात गेल्यावर वाटा वेगळ्या. तेव्हा रचनेच्या चित्राशेजारी चयापचयाचं चित्र नसेल तर ती तुलना मी वाचणारच नाही.

ज्या भाऊबंदाचा आकडा उसना घेणार, त्याचा मूळ अहवाल मागव. सारांशावर भागवू नकोस. अभ्यास किती विश्वासार्ह ते सांगणाऱ्या क्लिमिशच्या प्रतवारीत १ किंवा २ असेल तरच पुढे जा.

धड भाऊबंद मिळालाच नाही तर टीटीसी. आपल्याकडे टीटीसी म्हटलं की ठाणे-बेलापूर रस्त्यावरची एमआयडीसी. फाईलमधला टीटीसी म्हणजे थ्रेशोल्ड ऑफ टॉक्सिकॉलॉजिकल कन्सर्न, ज्या मात्रेखाली धोका नगण्य मानतात ती मर्यादा. नव्या पोरांचा हा घोळ दरवर्षी होतो. क्रेमरच्या तिसऱ्या वर्गाला (रचनेवरून सर्वात विषारी वाटणारे पदार्थ) माणशी दिवसाला ९० मायक्रोग्रॅम, डीएनएला इजा करणारी रचना दिसली तर ०.१५. अफ्लाटॉक्सिनसारखे पदार्थ आणि धातू यात बसवायचे नाहीत.

मी मंगळवारी येतोय. तोवर फरकांचं पान पूर्ण लिहून ठेव. साम्याचं नंतर लिहिलंस तरी चालेल.