हायड्रोजनमध्ये स्टीलची फटीग टेस्ट लावताय? आधी फ्रिक्वेन्सी उतरवा

फटीग टेस्ट म्हणजे सॅम्पलवर भार पुन्हापुन्हा चढवून-उतरवून त्यातला क्रॅक किती वेगाने वाढतो ते बघणं. पहिल्यांदा मी ती 20 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 20 सायकल, लावली आणि हवेतला ग्राफ न् हायड्रोजनमधला ग्राफ जवळजवळ एकावर एक बसले, म्हटलं वा, आपलं स्टील भारीच निघालं. स्टील कसलं भारी, घाई मी केली होती.

होतं काय, क्रॅकच्या टोकाशी ताण सगळ्यात जास्त, तिथली अणूंची जाळी थोडी ताणलेली असते आणि हायड्रोजनचे सुटे अणू नेमके तिथंच जाऊन जमतात. पण त्याआधी गॅसचा रेणू पृष्ठभागावर फुटायला हवा, मग अणू आत शिरून टोकापर्यंत सरकायला हवा, आणि दर सायकलला तेवढा वेळच दिला नाही तर परिणाम दिसणार कुठून? वेळ दिलात तर तोच क्रॅक हवेपेक्षा 10 पट किंवा त्याहून जास्त वेगाने पळताना दिसू शकतो.

म्हणून 1 हर्ट्झ किंवा त्याच्या खाली. आता हिशोब करा, 10 लाख सायकल 10 हर्ट्झला 28 तासात उरकतात, 1 हर्ट्झला साडेअकरा दिवस, 0.1 ला जवळपास चार महिने. एवढे दिवस मशीन कोण देणार! त्यामुळे प्रीक्रॅक, म्हणजे टेस्टच्या आधी पाडायचा सुरुवातीचा क्रॅक, हवेतच जास्त फ्रिक्वेन्सीला काढून घ्या (के-मॅक्स म्हणजे सायकलमध्ये क्रॅकच्या टोकाशी ताणाची सगळ्यात जास्त तीव्रता; शेवटचा के-मॅक्स टेस्टच्या सुरुवातीच्या के-मॅक्सच्या वर जाऊ देऊ नका) आणि हायड्रोजनमध्ये मधल्या-वरच्या डेल्टा-के वरच (दर सायकलला त्या तीव्रतेत होणारा चढ-उतार) वेळ घाला, थ्रेशोल्डजवळ, म्हणजे ज्याच्या खाली क्रॅक जवळजवळ वाढतच नाही तिथं, पाइपलाइनच्या स्टीलमध्ये फरक तसाही कमी दिसतो.

दुसरं म्हणजे गॅस. ऑक्सिजन थोडे पीपीएम (दहा लाखांत काही भाग) जरी राहिला तरी क्रॅकच्या ताज्या पृष्ठभागावर तोच आधी चिकटतो आणि हायड्रोजनची वाट अडवतो. चेंबर व्हॅक्यूम करा, नायट्रोजन भरा, परत व्हॅक्यूम, असं तीन-चारदा. सेफ्टीलाही हे लागतंच, हवेत 4 ते 75 टक्के हायड्रोजन असला की एक ठिणगी पुरे.

सॅम्पल आधी चार्ज करून, म्हणजे त्यात हायड्रोजन भरून, मग हवेत टेस्ट करायचा शॉर्टकट फेरिटिक स्टीलला (पाइपलाइनचं स्टील त्यातलंच) नको, रूम टेम्परेचरलाच हायड्रोजन बाहेर पडतो, लांब टेस्ट संपेपर्यंत आत फारसं काही उरत नाही. ऑस्टेनिटिक स्टेनलेसमध्ये अणूंची मांडणी वेगळी असते, त्यात तो फार हळू सरकतो, तिथं चालून जातं.

टेस्ट झाली की सॅम्पल तोडून एसईएममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) बघाच. हवेतल्या प्रीक्रॅकचा भाग आणि हायड्रोजनचा भाग शेजारी-शेजारीच असतात, दुसरा जास्त सपाट, ठिसूळ तुटल्यासारखा, कधी ग्रेनच्या (धातूतल्या स्फटिककणांच्या) कडेकडेने फाटलेला दिसतो. दोन्ही सारखेच दिसले तर ग्राफ कुणाला पाठवायच्या आधी गॅस न् फ्रिक्वेन्सी परत तपासा.