झोप येत नसेल तर अंथरुणातला वेळ कमी करा

रात्र तळमळत गेली की दुसऱ्या दिवशी माणूस तीन गोष्टी हमखास करतो. दुपारी आडवा होतो, रात्री नेहमीपेक्षा तासभर आधी अंथरूण गाठतो आणि सकाळी जाग आली तरी 'थोडं पडून राहू' म्हणून लोळतो. तिन्ही गोष्टी वाजवी वाटतात, पण निद्रानाश महिनोन्‌महिने टिकतो तो यांच्यामुळेच. झोप साडेपाच तासांची आणि अंथरुणातला मुक्काम साडेआठ तासांचा, असा हिशेब झाला की उरलेले तीन तास कुस बदलण्यात आणि घड्याळ बघण्यात जातात. काही आठवड्यांनी अंथरूण दिसताच पेंग उडायला लागते. सोफ्यावर टीव्हीसमोर डोळे मिटतात आणि खोलीत जाऊन दिवा मालवला की टक्क जाग येते, ती यामुळेच.

परीक्षा, बाळंतपण, घरातला मृत्यू, नोकरीतली उलथापालथ अशा कारणाने पंधरा-वीस दिवस झोप बिघडणे हा आजार नाही. त्या काळात वरच्या तीन गोष्टी टाळल्या तरी बहुतेकांची घडी परत बसते. आठवड्यातल्या किमान 3 रात्री, असे 3 महिने किंवा जास्त चालले असेल आणि दिवसा त्याचा त्रास होत असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. पुढची पद्धत त्यासाठी आहे. तिचे नाव सीबीटी-आय, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलून निद्रानाशावर करायचा उपचार. तिच्यातले अंथरुणाचे नियम मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी 1972 मध्ये मांडले, अंथरुणातला वेळ आवळण्याची रीत मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच द्यावी असे सुचवले.

आधी हे तपासा

काही जणांचा त्रास निद्रानाशासारखा दिसतो, पण मूळ वेगळे असते. तिथे ही पद्धत लावून उपयोग नाही.

मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकून दचकून उठणे, सकाळी डोके जड, दिवसा बसल्या जागी पेंग आणि सोबत रक्तदाब किंवा जाड मान असेल, तर स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, असू शकतो. घोरण्याचा प्रकार शेजारी झोपणाऱ्याला विचारा, स्वतःला कळत नाही. त्यासाठी झोपेची चाचणी करावी लागते.

संध्याकाळनंतर पायांत अस्वस्थता, हलवल्याशिवाय राहवत नाही, चालले की बरे वाटते, ही तक्रार असेल तर रक्तातले फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. 75 च्या आत आकडा असेल तर डॉक्टर बहुधा लोह सुरू करतात. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या आणि गरोदर बायकांनी हे विसरू नये.

गोळ्यांच्या वेळाही पाहा. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्री तीनदा उठावे लागते. स्टेरॉइड रात्री घेतले तर डोळा लागत नाही. थायरॉइडचा डोस जास्त झाला की छातीत धडधड आणि जाग. वेळ बदलायची ती डॉक्टरांना विचारून.

मन सतत उदास असेल, किंवा जगण्यात रस उरला नसेल, तर झोपेच्या नोंदी करत बसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते.

एक वही, दोन आठवडे

रोज सकाळी उठल्यावर पाच गोष्टी लिहा: अंथरुणात कधी गेलात, अंदाजे किती मिनिटांनी झोप लागली, मध्ये एकूण किती वेळ जागे होतात, शेवटची जाग कधी आणि अंथरूण कधी सोडले. दुपारची डुलकी आणि शेवटचा चहा बाजूला लिहून ठेवा. रात्री घड्याळ बघून लिहायचे नाही, अंदाज पुरतो. मनगटावरच्या घड्याळाचे आकडेही वापरू नका. निश्चल पडून जागे असलेल्या माणसाला ते झोपलेला समजते.

मग दोन सरासऱ्या काढा. समजा अंथरुणातला वेळ रात्री 10 ते सकाळी 6:30, म्हणजे साडेआठ तास, आणि प्रत्यक्ष झोप साडेपाच तास. साडेपाचला साडेआठने भागून शंभरने गुणले की सुमारे 65 टक्के. निरोगी झोपेत हा आकडा 85 च्या वर असतो.

वेळ आवळणे

आता अंथरुणाला तेवढाच वेळ द्यायचा जेवढी झोप प्रत्यक्षात होते. वरच्या उदाहरणात साडेपाच तास. वहीतली सरासरी चार तासांची आली तरी 5 तासांच्या खाली जायचे नाही.

उठायची वेळ आधी ठरवा, कारण ती बदलणार नाही. पाण्याची वेळ, डबा, लोकल, मुलांची शाळा यांच्याशी जुळणारी वेळ निवडा. ती 6 ठरली तर झोपायला जायची वेळ उलटी मोजून रात्री 12:30. रविवारीही 6 आणि लग्नाहून रात्री दोनला परतलात तरी 6. या सगळ्या प्रकरणात एकच नियम पाळता येणार असेल तर हा पाळा.

दर आठवड्याला वहीतून टक्केवारी काढा. 85 किंवा अधिक असेल तर झोपायला 15 मिनिटे आधी जा, म्हणजे 12:15. आकडा 80 ते 85 मध्ये असेल तर आहे तेच चालू ठेवा. 80 च्या खाली असेल तर आणखी 15 मिनिटे कमी करा, पण पाच तासांची मर्यादा पाळून. असे करत जेव्हा वेळ वाढवूनही दिवसभर ताजेतवाने राहण्यात फरक पडत नाही, तिथे थांबा. कुणाचे सहा तासांत भागते, कुणाला साडेसात लागतात. आठ तास झालेच पाहिजेत हा हट्टच अनेकांना जागा ठेवतो.

हे काम का करते? जागेपणाच्या प्रत्येक तासाला मेंदूत झोपेचा दाब साचत जातो. दुपारी तासभर झोपणे म्हणजे जेवणाआधी फरसाण खाणे, भूक मरते. वेळ आवळली की दाब पुरेसा साचतो, झोप पटकन लागते आणि मध्ये मोडत नाही.

पहिले दहा दिवस वाईट जातात, हे आधीच सांगितलेले बरे. दिवसा डोळे चुरचुरतात, चिडचिड होते, आणि 'आधी होती तीही झोप गेली' असे वाटते. अनेक जण इथेच सोडतात. या काळात दुचाकी आणि लांबचे ड्रायव्हिंग टाळा, यंत्रावर काम असेल तर सुट्टीच्या आठवड्यात सुरुवात करा. फिट येणारे, बायपोलर आजार असलेले, झोपेत चालणारे आणि गरोदर बायका यांनी वेळ आवळणे स्वतःहून करू नये. बायपोलरमध्ये कमी झोपेने उन्मादाचा झटका येऊ शकतो. ज्यांचे कामच बस किंवा ट्रक चालवण्याचे आहे त्यांनीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.

दुसरी अडचण रात्री दहा ते साडेबाराची. जेवण झाले, घर निजले, आता करायचे काय? लोक सोफ्यावर टेकतात आणि पावणेअकराला डुलकी लागते. ती डुलकी रात्रीची झोप खाते. म्हणून या वेळात हातांना काम हवे: उद्याची भाजी निवडणे, इस्त्री, कपड्यांच्या घड्या. पाठ टेकायची नाही.

अंथरुणाचे नियम

पेंग आल्याशिवाय आडवे व्हायचे नाही. थकवा आणि पेंग यांत फरक आहे: अंग दुखते पण डोळे उघडे राहतात तो थकवा, डोळे आपोआप मिटतात ती पेंग. ठरलेल्या वेळेआधी पेंग आली तरी थांबायचे. ठरलेली वेळ झाली आणि पेंग नसेल तरीही थांबायचे.

आडवे झाल्यावर साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही, किंवा चिडचिड सुरू झाली, की उठा. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवा. वीस मिनिटे अंदाजानेच. उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणे करा, फोन सोडून. पेंग आली की परत. रात्रीत चारदा उठावे लागले तर चारदा.

पुस्तकांत इथे 'दुसऱ्या खोलीत जा' असे लिहिलेले असते. चाळीतल्या एका खोलीत किंवा वन आरके मध्ये दुसरी खोली कुठून आणायची? जागा बदलणे महत्त्वाचे, खोली नाही. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ खुर्ची किंवा पाट आधीच ठेवा. खाली गादी घालून झोपत असाल तर उलट सोय आहे: उठलात की गादीचे एक टोक दुमडा, आणि दिवसा गादी गुंडाळूनच ठेवा. पलंगावर बसून जेवणे, हिशेब, मुलांचा अभ्यास, ऑफिसचा लॅपटॉप हे सगळे बंद. पलंग हीच घरातली एकमेव बसायची जागा असेल तर दिवसा त्यावर वेगळी चादर टाका आणि उशीच्या विरुद्ध टोकाला बसा. रात्री ती चादर काढायची.

दुपारची वामकुक्षी या काळात बंद. डोळे उघडेच राहत नसतील आणि गाडी चालवायची असेल, तर तीनच्या आत, गजर लावून वीस मिनिटे.

डोक्यात चक्र सुरू असते त्यांनी संध्याकाळी सातच्या सुमारास पंधरा मिनिटे वही घेऊन बसावे. डाव्या बाजूला काळजी, उजव्या बाजूला त्याबद्दल उद्या करायची एक छोटी कृती. कृती सुचत नसेल तर 'आज काही नाही' असे लिहा. रात्री तोच विचार आला की तो लिहून झाला आहे एवढेच स्वतःला सांगायचे. काहींना उलटे केल्याने जमते: डोळे मिटायचे नाहीत, जागे राहायचा प्रयत्न करायचा. झोपेचा पाठलाग थांबला की ती येते.

चहा, मिश्री, जायफळ

चहातले कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात, गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना त्याहून जास्त. पाचचा चहा रात्री अकराला अर्धा रक्तात असतो. शेवटचा कप दुपारी दोनच्या आत घ्या. 'बरं वाटतं' म्हणून झोपण्यापूर्वी तंबाखू खाणारे आणि मिश्री लावणारे पुष्कळ आहेत, पण निकोटिन जागे ठेवणारे आहे. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते, घोरणेही वाढते.

सकाळी उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटे बाहेरच्या उजेडात राहा. गच्ची, गॅलरी किंवा स्टॉपपर्यंत चालणे पुरते. खिडकीतून येणारा उजेड पुरत नाही.

घरगुती उपायांपैकी तळपायांना तेल लावून काशाच्या वाटीने चोळणे करून बघण्यासारखे आहे. झोप लागताना शरीराचे आतले तापमान उतरावे लागते आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. पाय उबदार असले की झोप लवकर लागते. झोपण्यापूर्वी एक-दोन तास कोमट ते गरम पाण्याने दहा मिनिटे अंघोळीचेही कारण हेच. तेल पुसून टाका, नाहीतर रात्री न्हाणीघरात पाय घसरतो. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर गरम पाण्यात बुडवू नका, भाजलेले कळत नाही.

हळद-दुधाने अपाय नाही, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. जायफळ दुधात चिमूटभर, एवढेच. अख्खे जायफळ साधारण पाच ग्रॅमचे असते आणि तेवढ्याने उलट्या, धडधड आणि भास होऊ शकतात. अश्वगंधाचा परिणाम छोट्या अभ्यासांत थोडाफार दिसतो, मात्र यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडचे रुग्ण आणि गरोदर बायकांनी टाळावी.

गोळ्या

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोलपिडेम या झोपेच्या गोळ्या भारतात चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. यांपैकी अल्प्राझोलाम आणि झोलपिडेम शेड्यूल एच-1 या औषधांच्या यादीत येतात, म्हणजे दुकानदाराला त्यांची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. घरातल्या कुणाच्या पाकिटातली अर्धी गोळी घेणे हा प्रकार आधी थांबवा. थोडे दिवस, ठरवून, डॉक्टरांच्या सांगण्याने त्यांचा उपयोग आहे. पण काही आठवड्यांत सवय होते, आणि वयस्कांना तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. सर्दीची पेंग आणणारी गोळी रोज घेणे हा पर्याय नाही: काही दिवसांत परिणाम उतरतो, तोंड कोरडे पडते, वयस्कांत गोंधळ आणि लघवी अडण्याचा त्रास होतो.

वर्षानुवर्षे गोळी चालू असेल तर एका झटक्यात बंद करू नका, फिट येऊ शकते. आधी वर सांगितलेली पद्धत चार-सहा आठवडे बसू द्या आणि मग डॉक्टरांच्या हिशेबाने डोस टप्प्याटप्प्याने, बहुतेकदा दर एक-दोन आठवड्यांनी थोडा थोडा, उतरवा. डोस कमी केल्यावर दोन-तीन रात्री झोप बिघडते. ती गोळी सोडल्याची प्रतिक्रिया असते. मूळ आजार परत आला असे समजून डोस वाढवू नका.

सहा-आठ आठवड्यांत झोप बसल्यावरही वाईट रात्री येतात: गणपतीचा मांडव खिडकीखाली, मे महिन्यातली वीज गेलेली रात्र, आजारी मूल. दुसऱ्या दिवशी उठायची वेळ तीच ठेवा, डुलकी घेऊ नका, रात्री लवकर जाऊ नका. सलग दोन आठवडे घसरले तर वही पुन्हा काढा, आठवडाभर नोंद करा आणि त्या सरासरीने वेळ पुन्हा आवळा. दुसऱ्यांदा बहुतेकांना पहिल्याइतके दिवस लागत नाहीत.