कॅडेटना न्यायाने नेतृत्व करायला शिकवताना या चुका टाळा

डेहराडूनच्या आयएमएमधलं (लष्करी अधिकारी घडवणारी इंडियन मिलिटरी अकॅडमी) ब्रिटिश काळातले सरसेनापती चेटवूड यांचं बोधवाक्य एनसीसीच्या पोरापोरींकडून पाठ करून घेतात: आधी देश, मग हाताखालचे जवान, आपली सोय शेवटी. आणि परेड सुटल्यावर नाश्त्याच्या रांगेत सिनिअर सगळ्यांत पुढे! वाटप आधी ज्युनिअर, शेवटी रँकहोल्डर असंच ठेवा. पुड्या आधी मोजा. कमी पडल्या तर सार्जंटची जाईल, नवख्याची नाही.

सगळ्यात मोठा घोळ हजेरीचा. एनसीसीच्या बी आणि सी प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. इकडे सोयाबीनची सोंगणी झाली की कापूस वेचणी लागते आणि मैदान रिकामं होतं. मग कोणी सरसकट दंड लावतं, तर कोणी ‘गरिबाचं पोरगं आहे’ म्हणून खोटी सही चालवून घेतं. दुसरी चूक जास्त वाईट. चांगल्या कारणासाठी रजिस्टर वाकवता येतं, हे पोरगं तिथेच शिकतं. पुढे त्याच्या हाती स्टोअरचं रजिस्टर येणार असतं. त्यापेक्षा जुलैतच हंगामाचा अंदाज घेऊन भरपाईच्या परेड ठरवा, त्या सर्वांना खुल्या ठेवा आणि फलकावर लावा. गैरहजराच्या रकान्यात परेड सुटण्याआधी शाईने फुली मारा. फॉल-इनची, म्हणजे परेडला रांगेत उभं राहायची वेळ मात्र गावाकडची पहिली एसटी पोहोचल्यावरची हवी. बसच सातला येत असेल, तर साडेसहाला ‘उशीर’ लिहिणं ही शिस्त नव्हे.

एकाचे बूट मळके म्हणून अख्ख्या स्क्वॉडला फेऱ्या मारायला लावू नका. एप्रिलच्या उन्हात ते जिवावर बेतू शकतं, शिवाय पोरं चूक लपवायला आणि त्या एकाला छळायला शिकतात. दोर गोळा करायचे राहिले, हे काम सगळ्यांचं होतं, तिथे सामूहिक जबाबदारी ठीक.

एसएसबीच्या, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्यांच्या धर्तीवर अडथळे मांडले की मनाई असलेल्या लाल रंगाला पाय लागतो, कोणी पाहत नाही, गट जिंकतो आणि शाबासकी मिळवतो. सुरुवातीलाच सांगा: स्वतःहून कबूल केलं तर तोच अडथळा पुन्हा, गुण कापणार नाही, लपवलं आणि सापडलं तर तो अडथळा झालाच नाही असं धरू. कमांड टास्कमध्ये, म्हणजे एकाने म्होरक्या होऊन साथीदार निवडायचे त्या कामात, प्रत्येक जण तेच दोन धट्टेकट्टे दोस्त निवडतो. दुसऱ्या फेरीत ते दोघे बाद करा. नंतर पाच मिनिटं एकच प्रश्न: तुझ्या निर्णयाचा भार कोणावर पडला?

रँक उंची आणि आवाज पाहून देऊ नका. निकष आधी लिहून लावा, मुलींनाही तेच. नाकारलेल्याला कारण एकट्याला गाठून सांगा.

एसआरटीत, म्हणजे ‘अशा प्रसंगी तू काय करशील’ असं विचारणाऱ्या एसएसबीच्या लेखी चाचणीत, ३० मिनिटांत ६० प्रसंग असतात, म्हणून क्लासवाले साच्यातली शूर उत्तरं घोकून घेतात. त्याऐवजी गावातले प्रसंग द्या: ‘मावसभाऊ परेड बुडवून तुझ्याकडे सही मागतो.’ उत्तर एका ओळीत हवं, आणि भावाला तोंडावर काय सांगितलं तेही त्यात हवं.